इतिहासाला कोणतं पुस्तक, हे आयोगालाही विचारू या

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही दुकानात जाऊन इतिहासाचं पुस्तक मागा. समोरून पहिला प्रश्न येतो, ‘राज्यसेवा की कम्बाइन (संयुक्त परीक्षा)?’ मग दुसरा, ‘पूर्व की मुख्य?’ तुम्ही आधी काय वाचलंय, महाराष्ट्राचा इतिहास हवाय की भारताचा, एकोणिसावं शतक कच्चं आहे की प्राचीन काळ, हे कोणी विचारत नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेचं नाव कळलं की कोणतं पुस्तक काढायचं ते त्याला पाठ असतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकांनाही तेच हवं असतं. टेलिग्रामवर कुणा टॉपरची बुकलिस्ट आलेली असते, अभ्यासिकेतल्या सीनियरने त्यातली दोन नावं खोडून दोन वाढवलेली असतात, आणि क्लासच्या नोट्स वेगळ्याच. वर्षभरात इतिहासाची पाच-सहा पुस्तकं टेबलावर जमतात. पूर्ण वाचून झालेलं त्यात एखादंच.

‘इतिहासाला कोणतं पुस्तक करू?’ हा प्रश्न मुलं एकमेकांना विचारतात, मार्गदर्शकांना विचारतात, यूट्यूबवर विचारतात. ही परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाला मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं निम्मं उत्तर आयोगाकडेच आहे. मुलं कोणतं पुस्तक घेणार हे शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते, आणि प्रश्नपत्रिका कोणत्या पुस्तकांवर उभी आहे हे गुलदस्त्यात राहतं, तोवर योग्य पुस्तकाची निवड ही नशिबाची गोष्टच राहणार.

आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२ पासून बव्हंशी बहुपर्यायी झाली आणि दहा-बारा वर्षं तशीच चालली. या काळात मराठीत इतिहासाच्या पुस्तकांचा एक नवा वाण तयार झाला. पानावर परिच्छेद कमी, चौकटी जास्त. समाजसुधारक, जन्मगाव, संस्था, वर्ष, वृत्तपत्र, उपाधी असे रकाने. व्हाइसरॉयांची यादी, प्रत्येकासमोर तीन ठळक ओळी. काँग्रेसची अधिवेशनं, ठिकाणं, अध्यक्ष. शेवटी ‘मागील प्रश्न’ आणि मग ‘संभाव्य प्रश्न’. ही पुस्तकं वाईट म्हणावीत अशी नव्हती. प्रश्नच तसे होते. दिलेल्या चार विधानांपैकी कोणती बरोबर, हे मिनिटाभरात ओळखायचं असेल तर माणसाला रकानेच उपयोगी पडतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असल्यामुळे ‘साधारण माहीत आहे’ याला काही किंमत राहत नाही.

पण रकान्यात कोणती तारीख भरायची, हा प्रश्न उरतोच. चौरीचौराची घटना घ्या. उत्तर प्रदेशातल्या या गावी जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, पोलीस मारले गेले, आणि १२ फेब्रुवारी १९२२ ला बार्डोलीच्या ठरावाने असहकार चळवळ थांबली. ही घटना ४ फेब्रुवारीची. २०२१ मध्ये शताब्दी वर्षाची सुरुवातही ४ फेब्रुवारीलाच झाली. तरी कित्येक प्रचलित पुस्तकांत ५ फेब्रुवारी छापलेलं सापडतं. मृत पोलिसांची संख्या कुठे २२ असते, कुठे २३. किंवा मुंबईतली परमहंस सभा घ्या. काही पुस्तकं तिची स्थापना १८४० ला नेतात, काही १८४९ ला. सभा गुप्त होती, तिच्या कागदपत्रांचा माग नीट राहिला नाही, म्हणून हा घोळ समजण्यासारखा आहे. प्रार्थना समाजाचं तर विचारूच नका. १८६७ मध्ये मुंबईत तो स्थापन झाला तो आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. रानडे आणि भांडारकर थोडे मागाहून आले आणि त्यांनी समाजाला वजन दिलं. पण ‘संस्थापक : न्या. रानडे’ असं छापणारी पुस्तकं आजही मिळतात आणि खपतात.

इतिहास शिकणाऱ्याला ही गोष्ट गंमतीची वाटावी. दोन पुस्तकं भांडतात तिथेच इतिहास सुरू होतो. परीक्षार्थीला मात्र घाम फुटतो, कारण त्याला चारपैकी एकच गोल काळा करायचा असतो. मग पहिली उत्तरतालिका येते, हरकती मागवल्या जातात, आणि अभ्यासिकांमध्ये पुस्तकांची पानं मोबाइलवर फोटो काढून फिरू लागतात. हरकतीला पुरावा जोडायचा म्हणून मुलं ‘प्रमाण’ ग्रंथ शोधू लागतात. कोणाकडे पाठ्यपुस्तक, कोणाकडे विद्यापीठाचा ग्रंथ, कोणाकडे क्लासचं छापील साहित्य. काही दिवसांनी अंतिम उत्तरतालिका येते. तिच्यात बदललेला पर्याय दिसतो, रद्द झालेला प्रश्न दिसतो. तो का बदलला, कोणतं पुस्तक मानलं आणि कोणतं नाकारलं, हे दिसत नाही. राज्यसेवा पूर्व परीक्षेत एका प्रश्नाचे दोन गुण, आणि कट-ऑफच्या आसपास एकेका गुणावर किती मुलं उभी असतात हे इथे सांगायला नको. म्हणजे पुस्तकाच्या बाजारात सगळ्यात मोठा निवाडा आयोग करतो आणि निकालपत्र मात्र देत नाही. हरकत फेटाळली गेलेल्या मुलाने पुढच्या वर्षी कोणतं पुस्तक टाकून द्यायचं?

आता २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. हा बदल २०२२ मध्ये जाहीर झाला, तो २०२३ पासूनच लागू होणार होता, पण पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो दोन वर्षं पुढे गेला. त्या आंदोलनाची तेव्हा बरीच टिंगल झाली. भावी अधिकाऱ्यांना लिहायची भीती वाटते, असं म्हटलं गेलं. मला ती टिंगल अन्यायाची वाटली. ज्या मुलाने तीन-चार वर्षं रकाने पाठ केले आणि त्यासाठीचीच पुस्तकं विकत घेतली, त्याला अचानक सांगितलं जात होतं की हा सगळा साठा आता अर्ध्या किमतीचा झाला. तो वेळ मागत होता, तो त्याला मिळाला. आता मात्र १७५० गुणांची लेखी परीक्षा आणि २७५ गुणांची मुलाखत हे वास्तव आहे, आणि सामान्य अध्ययनाच्या पहिल्याच पेपरात इतिहास लिहून दाखवायचा आहे. दुकानातली पुस्तकं बदलली का? मुखपृष्ठं बदलली. ‘नवीन वर्णनात्मक पॅटर्ननुसार’ अशी पट्टी आली. आतल्या चौकटींना बऱ्याच ठिकाणी ‘प्रस्तावना’ आणि ‘निष्कर्ष’ अशी दोन शेपटं लागली, एवढंच.

पुस्तक जोखायचं कसं, यासाठी मी एक विषय सुचवतो : १८७५ चे दख्खनचे दंगे. तो आपला आहे, महाराष्ट्राच्या इतिहासात येतो, भारताच्या इतिहासात येतो, शेतकरी चळवळींत येतो, त्यामुळे कोणत्याही पुस्तकाला तो टाळता येत नाही. पुस्तक हातात घ्या आणि सरळ ते पान काढा.

चौकटीवाल्या पुस्तकात साधारण इतकं सापडेल : १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा, सावकारांविरुद्ध उठाव, कर्जरोख्यांची होळी, पुढे १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा. सगळं बरोबर आहे. आता यावर दीडशे-दोनशे शब्द लिहा. दुसऱ्या वाक्यानंतर हात अडतो, आणि मग ‘अशा प्रकारे सावकारांच्या जुलमाला कंटाळून’ वगैरे सुरू होतं. परीक्षकाला त्या दिवशी तेच वाक्य शंभर उत्तरपत्रिकांत भेटलेलं असतं.

बरं पुस्तक इथे काय करतं? ते विचारतं की सावकार तर आधीही होते, मग १८७५ च का? आणि मग धागे एकेक उलगडत जातात. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला येईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, कारण कर्ज फिटणार याची खात्री होती. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि सावकाराने हात आखडला. नेमक्या याच सुमाराला सरकारने जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी केली आणि काही ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. १८५९ चा मुदतीचा कायदा कर्जदाराच्या संरक्षणासाठी होता. रोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य. सावकाराने त्याचंही हत्यार केलं. दर तीन वर्षांनी नवा रोखा, त्यात जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज हे नवं मुद्दल, खाली अंगठा. आता सुप्याच्या लोकांनी घरं सोडून वह्या आणि रोखे आधी का जाळले, हे वेगळं सांगावं लागत नाही. तीसहून अधिक गावांत दंगा पसरला, पुण्यातून नगर जिल्ह्यात गेला.

याहून बरं पुस्तक एक पाऊल पुढे जातं. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला, आणि त्यात म्हटलं होतं की सरकारी साऱ्याची मागणी हे दंग्याचं कारण नव्हे. दोष सावकारांचा. असं पुस्तक वाचकाला थांबवून विचारतं की सारा वसूल करणाऱ्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाकडून दुसरं काय येणार होतं? आज आपल्याला दंग्यांविषयी जे माहीत आहे त्यातलं बरंचसं याच अहवालातून आलं आहे, म्हणून तो टाकताही येत नाही आणि जसाच्या तसा मानताही येत नाही. एनसीईआरटी या शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या बारावीच्या पुस्तकात वसाहतकाळातल्या ग्रामीण जीवनावर जो पाठ आहे, त्यात हे सगळं फार चांगलं आलं आहे, साधनांच्या उताऱ्यांसकट. शेजारी १८८३ चा महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवला, तर फुले सावकाराबरोबर सरकारी खात्यांवर आणि कोर्टकचेऱ्यांतल्या कारकुनांवर का तुटून पडतात, हे त्याच मुलाला आपोआप कळतं. आता त्याला दोनशे शब्द कमी पडतील.

हा एक विषय तपासला की पुस्तकाची कुळी कळते. बाकीच्या खुणा लहान पण उपयोगी आहेत. मागे सूची आहे का? मराठीत परीक्षेच्या पुस्तकांना सूची नसणं ही जवळजवळ रीतच आहे, आणि ज्याला ‘रघुनाथराव’ शोधायला सहाशे पानं चाळावी लागतात, तो उजळणी करत नाही. नकाशा आहे का, की पाणिपत आणि प्लासी हवेतच घडल्या? नवी आवृत्ती म्हणजे नुसतं मुखपृष्ठावरचं वर्ष की आत काही दुरुस्त झालं आहे? मी हे तपासायला थेट चौरीचौरा आणि प्रार्थना समाज बघतो. तिथे तीच जुनी चूक असेल तर बाकीच्या दुरुस्त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

आता प्रत्येक यादीत हमखास असणाऱ्या नावांकडे. पहिला सल्ला असतो, ‘पाचवी ते बारावी स्टेट बोर्ड करा.’ सल्ला चांगला आहे, पण देणाऱ्याने ती पुस्तकं कधी पाहिली होती हा प्रश्न असतो. २०१७ पासून बालभारतीची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलली. सातवीचं पुस्तक आता शिवकाल आणि मराठा सत्तेभोवती फिरतं, मुघल आणि सुलतानशाहीचा भाग फार आटला आहे. आठवीत आधुनिक भारत आहे आणि ते परीक्षेच्या दृष्टीने आजही उत्तम आहे. नववीत १९६० नंतरचा भारत. दहावीचं पुस्तक तर इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं यांवर आहे. अकरावीत हडप्पापासून पुढचा प्राचीन काळ सविस्तर येतो. बारावीत युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, शीतयुद्ध. म्हणजे आठ पुस्तकं ओळीने केल्यावरही मध्ययुगीन भारताला भोक राहू शकतं, आणि आयोगाच्या अभ्यासक्रमात तर ‘भारताचा इतिहास, महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह’ असंच लिहिलेलं आहे. म्हणून झेरॉक्सच्या दुकानांत ‘जुनं स्टेट बोर्ड’ चालतं. दहावीच्या नव्या पुस्तकाला मुलं ‘काही कामाचं नाही’ म्हणून बाजूला सारतात याचं मला वाईट वाटतं. इतिहासाचं लेखन कसं घडतं हे सांगणारं इतकं सोपं मराठी पुस्तक दुसरं नाही, आणि वर्णनात्मक परीक्षेत ते एकाएकी कामाचं झालं आहे.

दुसरा सल्ला एनसीईआरटीचा. इथे ‘कोणतं?’ असं विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिल्लीत सरकार बदललं की ही पुस्तकं हलतात, हे आजचं नाही. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, इतिहासकार रामशरण शर्मांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं गेलं होतं. २००२ मध्ये नवी पुस्तकं आली, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर पुन्हा नवी. २०२२ मध्ये ओझं कमी करण्याच्या नावाखाली बारावीतून मुघल दरबारावरचा अख्खा पाठ गेला. २०२५ च्या आठवीच्या पुस्तकात मराठ्यांना स्वतंत्र पाठ मिळाला, आणि आपल्याकडे त्याचा आनंदही झाला. पण त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं म्हणून तिथल्या राजघराण्याने हरकत घेतली आणि परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. नकाशात आपला रंग मोठा दिसला की खूश व्हायचं आणि दुसऱ्याचा दिसला की पुस्तक राष्ट्रद्रोही, ही सवय परीक्षार्थीला परवडत नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या टेबलावर कोणत्या सालची प्रत आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून त्याने निदान स्वतःच्या प्रतीचं साल पाहावं, आणि मध्ययुगासाठी जुनी प्रत मिळाली तर ती जपून ठेवावी.

मराठी माध्यमाच्या मुलाला आणखी एक अडचण आहे. एनसीईआरटीची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत मिळतात ती बहुधा खासगी प्रकाशकांची भाषांतरं किंवा ‘सारांश’, आणि सारांशात नेमकं तेच गळतं ज्यासाठी मूळ पुस्तक वाचायचं : साधनांचे उतारे, समासातले प्रश्न, दोन मतांमधला वाद. उरते ती पुन्हा चौकट. मग तो वळतो ग्रोव्हर-बेल्हेकरांच्या जाडजूड ग्रंथाकडे. त्यावर पिढ्या पोसल्या आहेत, ब्रिटिश धोरणं आणि गव्हर्नर जनरल यांसाठी आजही त्याला हात लावावा लागतो. पण त्याची चाल विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नांची आहे, आणि शेतकरी, स्त्रिया, आदिवासी शोधायला गेलात की ग्रंथ एवढा मोठा असूनही जागा अपुरी वाटते.

इतिहासकार बिपन चंद्र आणि सहकाऱ्यांचं १९८८ चं स्वातंत्र्यलढ्याचं पुस्तक जवळपास प्रत्येक यादीत आहे, आणि ते वाचावंच. फक्त ते एक मत मांडणारं पुस्तक आहे, हे यादीत लिहिलेलं नसतं. गांधीजींच्या नेतृत्वाखाली काँग्रेस संघर्ष, मग विराम, मग पुन्हा संघर्ष अशा विचारपूर्वक आखलेल्या रणनीतीने चालली, हे त्या पुस्तकाचं म्हणणं आहे. या चष्म्यातून पाहिलं तर चौरीचौरानंतरची माघार ही शहाणपणाची खेळी दिसते. चौरीचौराच्या शेतकऱ्यांच्या बाजूने पाहणारे इतिहासकार वेगळंच सांगतात : त्यांच्या डोक्यातलं स्वराज्य आणि काँग्रेसच्या डोक्यातलं स्वराज्य एक नव्हतं. मुलं पहिलं मत ‘उत्तर’ म्हणून पाठ करतात, कारण यादीत एकच पुस्तक होतं. या एका विषयावर दुसऱ्या बाजूची दहा पानं वाचली असती तरी पहिल्या पुस्तकाची धार जास्त कळली असती.

यावर मला काय ऐकून घ्यावं लागणार ते ठाऊक आहे. पेठेत कॉटचं भाडं, मेसचे पैसे, गावाकडून येणारा फोन, वाढत चाललेलं वय, आणि हा माणूस सांगतोय दोन्ही बाजू वाचा. हरकत रास्त आहे. म्हणूनच सहा पुस्तकं नकोत असं मी म्हणतो. एक मूळ पुस्तक, ज्यात कारणं आहेत. त्याच्या बाजूला आठवीचं स्टेट बोर्ड. आणि पाच-सहा मोठ्या विषयांपुरतं दुसरं मत. मागच्या दहा वर्षांचे प्रश्न मात्र या सगळ्यांच्या आधी वाचावेत, म्हणजे विकत काय घ्यायचं नाही ते कळतं. चौकटीवालं पुस्तक फेकून द्यायची गरज नाही. पूर्व परीक्षेत इतिहासाचे साधारण पंधरा प्रश्न येतात, त्यांच्या आदल्या महिन्यात तेच कामाला येतं. फक्त ते शेवटी उघडायचं. बहुतेक मुलं ते आधी उघडतात आणि मग दुसरं काही वाचण्याची चव राहत नाही.

पैशाचा प्रश्न तर सरकारच्या गोदामात अर्धा सुटलेला आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. महात्मा फुले समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलं आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन काही पानांचं आहे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तिथे शब्दशः केली आहे. ‘हंटर आयोग – १८८२’ एवढं रकान्यात पाठ केलेल्या किती जणांनी ती पानं उघडली असतील? क्लासच्या हजारो रुपयांच्या संचात ती नसतात, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूचा संच विकता येत नाही.

आता आयोगाकडे येतो. आयोगाने पुस्तकांची अधिकृत यादी जाहीर करावी, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. यादी आली की दुसऱ्या दिवशी तिचे सारांश बाजारात येतील, आणि यादीबाहेरचं मराठीत कोणी वाचणारच नाही. माझी मागणी छोटी आहे. अंतिम उत्तरतालिकेबरोबर, बदललेल्या आणि रद्द केलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी द्याव्यात : तज्ज्ञांनी कोणता संदर्भ मानला आणि का. हरकती फेटाळलेल्या प्रश्नांनाही तेच लागू करावं. इतिहासासारख्या विषयात पुस्तकं भांडतात, तर भांडण मिटवणाऱ्याने कारण सांगायला हवं. तहसीलदारसुद्धा फेरफाराच्या वादात कारणं लिहून आदेश देतो. आणि हीच परीक्षा पास होऊन तो तहसीलदार झालेला असतो. तीन-चार वर्षांत या दोन-दोन ओळींचा एक दस्तऐवज जमेल, आणि कोणतं पुस्तक भरवशाचं याचं त्याहून चांगलं उत्तर कोणत्याही टॉपरकडे नसेल. वर्णनात्मक पेपरांसाठी एवढंही पुरेल की आयोगाने उत्तम गुण मिळालेल्या काही उत्तरपत्रिका नाव झाकून प्रसिद्ध कराव्यात. मग मुलं बघतील की गुण ‘प्रस्तावना-निष्कर्ष’ला मिळतात की कारणांना.

मराठीत पाठ्यपुस्तकाशी भांडण्याची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला, पुढे त्याचं मराठी भाषांतर शाळांतून वाचलं जाऊ लागलं आणि तेच प्रमाण झालं. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजच्या विद्यार्थ्याने त्यावर जाहीर टीका केली. डफने साधनं कशी वापरली, निष्कर्ष कसे काढले, असे प्रश्न त्याने विचारले. पुढे १८९८ पासून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढू लागले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते सदाशिव पेठेत आहे. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आज अभ्यासिकाच अभ्यासिका आहेत, आणि तिथे बसलेल्या मुलांनी मोडी वाचायला जावं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांना पुढच्या वर्षीच्या आत नोकरी हवी आहे. पण उत्तरतालिकेवर हरकत घेताना ही मुलं जे करतात, म्हणजे दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून यातलं खरं कोणतं आणि कशावरून असं विचारतात, ते कीर्तन्यांच्याच जातीचं काम आहे. आज ते फक्त दोन गुणांसाठी, निकालाच्या आधी काही दिवस, रागाच्या भरात होतं. तेच काम पुस्तक विकत घेताना, दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या, दख्खनच्या दंग्यांचं पान उघडून पाच मिनिटांत करता येतं. दुकानदार थोडा वैतागेल.